खरा डीएनएस हाताशी असताना खोटा कशाला?

नेटवर्कवर चालणारे सॉफ्टवेअर लिहू लागलेले सहकारी मला एक प्रश्न हमखास विचारतात. युनिट टेस्टमध्ये, म्हणजे कोडचा एकेक लहान भाग सुटा तपासताना, होस्टनेमवरून (मशीनच्या नावावरून) आयपी पत्ता शोधण्याचे काम खऱ्या डीएनएसला, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्ता यंत्रणेला, करू दिले तर काय बिघडते? नेटवर्क आहे, उत्तर काही मिलिसेकंदांत येते, मग त्या जागी खोटा रिझॉल्व्हर, म्हणजे आपण ठरवलेली उत्तरे देणारा नाव-शोधक, बसवण्याचा खटाटोप कशासाठी? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

खऱ्या लुकअपमुळे (नावावरून पत्ता शोधण्यामुळे) टेस्ट रेंगाळतात आणि नेटवर्क नसले की विनाकारण नापास होतात, हे नेहमीचे उत्तर खरे असले तरी माझ्या लेखी दुय्यम आहे. मुख्य अडचण अशी की खरा डीएनएस आपल्याला हवा तेव्हा हवा तसा बिघडत नाही, आणि नावांशी संबंधित कोडमधला अवघड भाग बिघाड हाताळण्याचाच असतो.

‘पत्ता मिळाला नाही’ ही मुळात एक घटना नव्हेच. ते नाव अस्तित्वातच नसेल. नाव असेल, पण त्याला आयपीव्ही६ (आयपीव्ही४ नंतरच्या नव्या पद्धतीचा) पत्ता नसेल. डीएनएस सर्व्हरने स्वतःच्या अडचणीमुळे नकार दिला असेल. किंवा उत्तरच आले नसेल. सी भाषेतले गेटॲड्रइन्फो हे फंक्शन नाव नसल्यास ‘ईएआय नोनेम’ आणि तात्पुरती अडचण असल्यास ‘ईएआय अगेन’ असा वेगळा एरर देते. पहिल्या वेळी पुन्हा प्रयत्न करणे व्यर्थ असते, तर दुसऱ्या वेळी थोडे थांबून प्रयत्न न करणे चुकीचे ठरते. तरीही दोन्हींना एकाच माळेत ओवणारा कोड सर्रास आढळतो, कारण दुसरी शाखा टेस्टमध्ये कधी चाललेलीच नसते. उत्तर न येण्याची वेळ तर आणखी त्रासाची. लिनक्सवरील जीलिबसी ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी, सेटिंग बदललेले नसेल तर, एकाच डीएनएस सर्व्हरसाठीही ५ सेकंदांचे २ प्रयत्न करते, आणि गेटॲड्रइन्फोला बाहेरून टाइमआउट (थांबण्याची कमाल मर्यादा) देता येत नाही. खोट्या रिझॉल्व्हरसोबत घड्याळही खोटे ठेवले, तर ही संपूर्ण प्रतीक्षा क्षणात तपासून होते.

यशही एकाच प्रकारचे नसते. उत्तरात पत्त्यांची यादी येते. आयपीव्ही६ पत्ता पहिला असून तो प्रतिसाद देत नसेल, तर प्रोग्रॅमने पुढच्या पत्त्याकडे किती वेळाने वळावे, याविषयी २०१७ च्या आरएफसी ८३०५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये २५० मिलिसेकंदांची शिफारस आहे. शिवाय उत्तर काळानुसार बदलते. वापरकर्त्याने दिलेल्या यूआरएलचा पत्ता अंतर्गत नेटवर्कमधला नाही ना, हे तपासून जोडणी करणारा सर्व्हर घ्या. तपासणीसाठी एकदा आणि जोडणीसाठी पुन्हा एकदा लुकअप होत असेल, तर दुसऱ्या वेळी १२७.०.०.१, म्हणजे त्या सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता, असे उत्तर देणारा हल्लेखोर आत शिरतो. खोट्या रिझॉल्व्हरमध्ये ही टेस्ट दोन ओळींची आहे: पहिले उत्तर हे, दुसरे ते.

नसलेल्या नावाची टेस्ट खऱ्या डीएनएसवर करू, असे म्हणणाऱ्यांना मी सप्टेंबर २००३ ची आठवण करून देतो. तेव्हा व्हेरिसाइन या, ही नावे सांभाळणाऱ्या कंपनीने डॉट कॉम आणि डॉट नेट यांमधील नोंदणी न झालेल्या नावांनाही स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता देणे सुरू केले होते, आणि ते पुढच्या महिन्यात थांबले. लोकलहोस्ट, म्हणजे आपल्याच मशीनचे नाव, यावर विसंबणेही फारसे बरे नाही, कारण ते नाव कुठे १२७.०.०.१ देते, कुठे आधी ::१ हा त्याचा आयपीव्ही६ पत्ता देते, आणि फक्त आयपीव्ही४ वर ऐकणारा टेस्ट सर्व्हर एका मशीनवर सापडतो, दुसऱ्यावर सापडत नाही.

हे सोंग कुठे उभे करावे, याविषयी माझे मत ठाम आहे: आपल्याच कोडमध्ये एक लहानसा इंटरफेस ठेवावा, जो नाव घेतो आणि पत्त्यांची यादी किंवा एरर देतो. पायथनमध्ये गेटॲड्रइन्फो परस्पर पॅच करणे, म्हणजे टेस्ट चालू असताना त्याच्या जागी दुसरे फंक्शन बसवणे, सोपे वाटते, पण ज्या मॉड्यूलने ते फंक्शन थेट आपल्या नावाखाली इम्पोर्ट केलेले असते तिथे तो पॅच पोहोचत नाही आणि गुपचूप खरा लुकअप होतो. गो भाषेत रिझॉल्व्हरचे ‘डायल’ फंक्शन बदलून प्रश्न टेस्टमधल्याच डीएनएस सर्व्हरकडे वळवता येतात. जावा १८ पासून स्वतःचा रिझॉल्व्हर जोडण्याची अधिकृत सोय आहे. कोड दुसऱ्याचा आणि सी मधला असेल, तर एनएसएस रॅपर हे, नावांचे लुकअप मध्येच अडवून आपली उत्तरे देणारे साधन उपयोगी पडते. मशीनची होस्ट्स फाइल (नावे आणि पत्ते लिहून ठेवलेली स्थानिक यादी) बदलण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्याला विशेष अधिकार लागतात आणि टाइमआउट किंवा बदलते उत्तर तिच्यात लिहिताच येत नाही.

खोटा रिझॉल्व्हर कडक असावा. त्याला न सांगितलेले नाव विचारले गेले, तर त्याने खऱ्या डीएनएसकडे न जाता टेस्ट तिथेच पाडावी. नावे १९९९ च्या आरएफसी २६०६ ने राखून ठेवलेल्या डॉट टेस्ट किंवा डॉट इनव्हॅलिडमधली घ्यावीत आणि पत्ते १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ या, केवळ उदाहरणांसाठी राखलेल्या पट्ट्यातले घ्यावेत, म्हणजे चुकून एखादे पॅकेट बाहेर पडले तरी कोणाच्या दारात जाऊन उभे राहत नाही.

एवढे करूनही खऱ्या लुकअपला हात लावणारा पातळ थर उरतोच. त्याच्यासाठी मी मोजक्या इंटिग्रेशन टेस्ट, म्हणजे भाग एकत्र जोडून तपासणाऱ्या टेस्ट, ठेवतो. त्या स्थानिक डीएनएस सर्व्हरवर, युनिट टेस्टपासून वेगळ्या चालतात आणि यूडीपी या डीएनएसच्या नेहमीच्या वाहतूक पद्धतीत न मावणारे उत्तर टीसीपी या दुसऱ्या पद्धतीवरून मागवले जाते की नाही, अशा गोष्टी तपासतात.