माणगावचा नाईक

गणपतीला गावी जाताना माणगावात गाडी अडकतेच. अर्धा-पाऊण तास हलत नाही, आणि मला दर वेळी यशवंत घाडगे आठवतात. इथे त्यांचा पुतळा आहे, ते याच तालुक्यातल्या पळसगावचे. मला हे चाळिशीत कळलं, शाळेत कुणी सांगितलंच नाही.

१० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. दुसरं महायुद्ध चालू होतं. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले घाडगे २२ वर्षांचे, हुद्दा नाईक. जेमतेम पन्नास यार्डांवरून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले नाहीतर जखमी झाले. घाडगे एकटेच धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. मग हातातली टॉमीगन, म्हणजे छोटी मशीनगन, नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. नळी किती तापली असेल, माझं डोकं तिथेच अडतं.

लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या ठाण्यातच ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळालं. थडगं नाही, इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर नाव आहे.

मागून हॉर्न वाजला. गाडी दहा फूट पुढे सरकली.