ठराव चार दिवसांत मिळत नाही

मार्च लागला की मला कॉलेजांतून संशोधनाच्या प्रोजेक्टसाठी फोन यायला लागतात. "ताई, एक प्रपोजल टाकतोय, कम्युनिटी पार्टनर लागतो, तुमच्या लेटरहेडवर सपोर्ट लेटर द्या आणि जमलं तर ग्रामसभेचा ठराव पण द्या, शुक्रवारी पोर्टल बंद होतंय." फोन करणारी माणसं वाईट नसतात, बऱ्याचदा नवीन लागलेले असिस्टंट प्रोफेसर असतात आणि त्यांना खरंच काहीतरी करायचं असतं. पण मी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात एका संस्थेचं काम करते. इथे दिवाळी झाली की पाडेच्या पाडे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, ठाण्याकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मार्चमध्ये ग्रामसभेला कोरम आणायचा कुठून?

एका वर्षी मी ते पत्र दिलं होतं. संस्थेचा शिक्का मारला, सरपंचांची सही आणली, चार दिवसांत सगळं जमवलं. प्रोजेक्ट मंजूर झाला, कुठल्या कॉलेजचा ते सांगत नाही. मुलं आली, घरोघरी फॉर्म भरून घेतले, पाणी किती लांबून आणता, संडास आहे का, जमीन किती, आणि गेली. रिपोर्ट आम्हाला कधीच दिसला नाही. पुढच्या वर्षी दुसरे लोक तेच प्रश्न घेऊन आले तेव्हा एक मावशी दारातूनच म्हणाली, "मागच्यांना सांगितलंय, त्यांना विचारा." ते ऐकून मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, कारण त्या पत्रावर सही माझी होती.

आता योजनांचं बोलू. दारं नाहीत असं मुळीच नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाचा, वंचित लोकांसाठीच्या प्रोजेक्टांना पैसे देणारा, सीड म्हणून वेगळा विभागच आहे. केंद्राचंच उन्नत भारत अभियान २०१४ ला सुरू झालं, त्यात कॉलेजांनी निदान पाच गावं निवडून काम करायचं असतं. आपल्याकडे महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातलं विज्ञान तंत्रज्ञान केंद्र त्यांच्याच मदतीने उभं राहिलं. आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणारं सितारा केंद्र तर १९८५ पासून आहे आणि तिथल्या मुलांनी कर्जतच्या पाणी योजनांवर जे काम केलंय ते बघितलं की समजतं असं काम होऊ शकतं. कॅनडात पार्टनरशिप एंगेज नावाचं एक छोटं ग्रँट आहे, ७ ते २५ हजार डॉलर, एक वर्षासाठी, आणि त्यात सुरुवातच बाहेरच्या संस्थेच्या अडचणीपासून करायची असते, विद्यापीठाच्या प्रश्नापासून नाही. मला ते फार आवडलं. आपल्या फॉर्ममध्ये मात्र प्रश्न प्रोफेसरांनी आधीच ठरवलेला असतो आणि गाव शेवटी जोडपत्रात येतं, लॉगिनही पीआयच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुख प्रोफेसरांच्या नावाचं, त्यामुळे आपल्याच गावाबद्दल काय लिहिलंय ते गावाला दिसतच नाही.

आणि बजेट. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवरच्या ज्युनियर रिसर्च फेलोला, २०२३ पासून महिन्याला ३७ हजार मिळतात, वर घरभाडं, आणि मिळायलाच पाहिजेत, ती मुलं उन्हातान्हात फिरतात. पण त्याच प्रोजेक्टात दर आठवड्याला विहिरीची पातळी मोजणाऱ्या बाईच्या नावाने शून्य असतं. का? तर म्हणे बजेटात त्यासाठी हेड, म्हणजे खर्चाचा रकाना नाही. मनुष्यबळ म्हणजे डिग्रीवाले, बाकी सगळं कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात घाला, चहापाणी दाखवा. बाई अर्धा दिवस मीटिंगला बसली तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, हा खर्च आहे आणि तो आजवर तीच करत आली आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता, निदान त्या दराने तरी धरा की! फिल्ड असिस्टंट म्हणा, डेटा कलेक्टर म्हणा, काय नाव द्यायचं ते द्या, पण ओळ स्वतंत्र पाहिजे आणि पैसे तिच्या खात्यात गेले पाहिजेत.

पैशाचा दुसरा घोळ म्हणजे हप्ते. पैसे आधी विद्यापीठात येतात, तिथून संस्थेकडे, मग आधीच्या हप्त्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, आणि तोवर इकडे जीपवाल्याची उधारी वाढत जाते. म्हणून अर्ज करतानाच एमओयूमध्ये, म्हणजे विद्यापीठाशी होणाऱ्या लेखी करारात, लिहून घ्या की विद्यापीठात पैसे आल्यावर किती दिवसांत पुढे येतील. तोंडी काही ठरवू नका. दर्पण नंबर (संस्थांच्या सरकारी पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक), ऑडिट केलेले तीन वर्षांचे हिशोब, पॅन वगैरे फाईल कायम तयार ठेवा, यावर जास्त लिहीत नाही.

यंदा आम्ही वेगळं केलं. एका कॉलेजच्या मॅडम गेल्या जूनमध्येच आल्या, हातात फॉर्म नव्हता, पेरण्या चालू होत्या म्हणून दोन दिवस नुसत्या राहिल्या. लावणी उरकल्यावर परत आल्या आणि तेव्हा मीटिंग झाली. मॅडमचा विषय होता विहिरी एप्रिलमध्ये का आटतात. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि तिच्या धरणांच्या कुशीतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यांनाच सुचतो. बाया म्हणाल्या, आटतात ते माहितीये, पण खालच्या पाड्याचा झरा मे महिन्यातपण ओला असतो, तो का, ते सांगा. मॅडमनी तिथेच वही काढली. प्रपोजलचं नाव त्या दिवशी बदललं.

ठराव दिवाळीच्या आधी झाला, सगळे गावात असताना. जानेवारीत ड्राफ्ट तयार झाल्यावर मी तो मराठीत करून जे गावात उरले होते त्यांना देवळासमोर बसून वाचून दाखवला, बजेटसकट. कोण किती घेणार ते ऐकताना सगळे एकदम गप्प. मग विहीर मोजायचं काम जिच्याकडे आहे ती उठली, तिच्याकडे गाठी मारलेली दोरी आहे, टोकाला दगड, हाताहातावर एक गाठ, अक्षरओळख नाही पण मोजणी सुरू झाल्यापासून एकही आठवडा चुकवलेला नाही. ती म्हणाली, "सोमवार लावू नका. सोमवारी बाजार असतो, मी नसते."

मी मॅडमना तिथूनच फोन लावला. कामाच्या तक्त्यात सगळीकडे सोमवार होता, त्यांनी रात्री बसून मंगळवार केला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज सबमिट झाला. अजून उत्तर आलेलं नाही. मोजणी मात्र त्याच मंगळवारपासून सुरू आहे, आज सकाळी पाणी सहाव्या गाठीवर होतं.