आर्सेनिकचा एक रकाना

डबाबंद मासळीचं हेवी मेटल टेस्टिंग करून घेणार असाल तर आधी हे ऐका: फॉर्मवर नुसतं ‘आर्सेनिक’ छापलेलं असेल, तर शेजारी पेनाने ‘अजैविक, वेगळं’ असं लिहा आणि त्यावर लॅबचा शिक्का घ्या.

आमचं रत्नागिरीत छोटं युनिट आहे. मिरकरवाड्याला उतरलेला बांगडा आणि तारली तेलात डबाबंद करतो. मुंबईच्या एका पार्टीने शिसं, कॅडमियम, पारा, कथिल आणि आर्सेनिक यांचा रिपोर्ट मागितला. पहिले चार आकडे बिनबोभाट आले. शिशाचीच धाकधूक होती, कारण कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. ते आरामात पास झालं.

अडलं ते आर्सेनिकवर. किलोला एक मिलिग्रॅमहून जास्त! पार्टीच्या क्वालिटीवाल्याने भाताच्या तांदळाची ०.२ ची मर्यादा काढून दाखवली आणि माल थांबवला. अहो, ती अजैविक, म्हणजे विषारी रूपातल्या आर्सेनिकची मर्यादा, आणि तीही तांदळाची! मासळीतलं बहुतेक आर्सेनिक आर्सेनोबीटेन या जैविक रूपात असतं. ते विषारी नाही, जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. अजैविक वेगळं मोजता का, हे मी सॅम्पल देतानाच लॅबच्या काउंटरवर विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘‘दादा, सिस्टिममध्ये रकाना एकच आहे.’’

मग फोनाफोनी. रिसेप्शन म्हणे टेक्निकलला विचारा, टेक्निकल म्हणे क्लायंटने मागितलं तेच दिलं. उरलेल्या सॅम्पलवर करा म्हटलं तर ते टाकून दिलेलं. म्हणजे नवा फॉर्म, नवे डबे, नवी फी, आणि फॉर्मवर रकाना पुन्हा तोच! इकडे गोडाऊनमध्ये पेट्यांवर पेट्या, आणि पार्टीचा रोज एकच मेसेज: ‘एनी अपडेट?’

शेवटी एका केमिस्ट मॅडमनी फोन घेतला आणि दोन मिनिटांत गाठ सुटली. मशीनमध्ये घालण्याआधी आर्सेनिकची रूपं कॉलममधून वेगळी करायची, एवढंच. ही सोय त्यांच्याकडे होती, काउंटरला पत्ता नव्हता! त्यांनीच आणखी एक सांगितलं: मासळी खारवलेली असेल तर मिठातला क्लोरीन मशीनमधल्या आर्गॉन वायूशी जुळून ७५ वस्तुमानावर येतो, म्हणजे नेमका आर्सेनिकच्या जागी, आणि आकडा फुगतो. म्हणून हेलियम मोडवर (हेलियम वायू सोडून अशा जोड्या गाळून) मोजता का, हे विचारून ठेवा.

त्याच बॅचचे सीलबंद डबे घरी ठेवाच. मी ठेवले होते, म्हणून दुसऱ्यांदा पाठवता आले. तेल निथळून मोजणार की तेलासकट, तेही लिहून घ्या. डबा अॅल्युमिनियमचा असेल तर कथिलाला पैसे घालवू नका, पार्टीलाच तसं कळवा. कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा असेल तर मात्र कराच. कोडेक्सची मर्यादा किलोला २५० मिलिग्रॅम आहे, पण नुसत्या नायट्रिक अॅसिडमध्ये कथिल नीट विरघळत नाही. हायड्रोक्लोरिक घालता का, ते विचारा.

दुसरा रिपोर्ट आला: अजैविक आर्सेनिक ‘आढळले नाही’. पार्टीचा लगेच फोन, ‘‘नाही म्हणजे किती?’’ तेव्हा मोजता येणारा किमान आकडाही शेजारी छापून घ्या.