एक तासाचा नियम आणि आमचं क्लेम डेस्क

मी आरोग्य विमा कंपनीत क्लेम तपासणारी डॉक्टर आहे. मे 2024 मध्ये विमा नियामक आयआरडीएआयचं परिपत्रक आलं आणि आमच्या कामाची घडीच बदलली. कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी 3 तासांत अंतिम मंजुरी. उशिरामुळे हॉस्पिटलचं बिल वाढलं तर तो भार कंपनीवर.

पूर्वी केस पेपरवर ‘डीएम सिन्स 2’, म्हणजे ‘मधुमेह 2 पासून’, एवढंच लिहिलेलं असे. दोन वर्षं की दोन महिने? आम्ही क्वेरी टाकायचो आणि पेशंटचा मुलगा कागद घेऊन पळत सुटायचा. आता कागद हॉस्पिटलकडून आम्हीच मिळवायचे. म्हणून फोन उचलून थेट तिथल्या डॉक्टरांना विचारते. हे फार आधी व्हायला हवं होतं.

रात्रपाळीतही आता डॉक्टर लागतात, त्यामुळे आमची मागणी वाढली. बिलातले आकडे सिस्टीममध्ये भरणाऱ्या मुलांचं काम मात्र सॉफ्टवेअर करू लागलंय. त्यातल्या काहींना नामंजुरीच्या फाइली तयार करायला बसवलं, कारण रिव्ह्यू कमिटीच्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येत नाही. बाकीच्यांना कोणी काही शिकवलं नाही, आणि याचा मला राग येतो. पॉलिसीधारकाचा तास वाचवायचा नियम योग्यच आहे. पण तो लागू करताना या मुलांच्या प्रशिक्षणाचा खर्चही कंपन्यांनी धरायलाच हवा. पुढच्या मीटिंगमध्ये मी हे लेखी मांडणार आहे.