दोन गहू आणि मध्ये एका गव्हाची जागा

सोमवार, रात्र

सेमिस्टरचा मोठा प्रकल्प आज मिळाला. चलनातली एक नोट निवडायची आणि ती नव्याने मांडायची. स्क्रीनवर थांबायचं नाही. तांब्याच्या प्लेटवर काढून, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात रेषा खाऊन घेऊन, प्रेसमधून छाप काढून द्यायचा. वर्गात पहिल्या दहा मिनिटांतच चेहरे वाटून झाले. सावित्रीबाई तिघांकडे, शाहू महाराज दोघांकडे, एकीने बहिणाबाई घेतल्या. मी वीसची नोट म्हटलं. "कोणाचा चेहरा घेणार?" असं शेजारणीने विचारलं, तेव्हा अजून ठरलं नाही म्हणून सांगितलं. पण चेहरा घ्यायचा नाही एवढं तेव्हाच ठरलं होतं.

सरांच्या अटी अशा: बँकेचं नाव नको, वचनाची ओळ नको, गव्हर्नरची सही नको, छपाई एकाच बाजूला, आणि 'नमुना' हा शब्द ठळक हवा. नोटेसारखा दिसणारा कागद छापणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं १८२वं कलम त्यांनी फळ्यावर लिहूनच दाखवलं. शिवाय आकार दीडपट मोठा ठेवा म्हणाले. तिथे मी हात वर केला. मला खराच आकार हवा होता, १२९ बाय ६३ मिलिमीटर. का, ते नीट सांगता आलं नाही. "उद्या कारण घेऊन ये," सर म्हणाले.

मंगळवार

कारण आजी आहे.

आजीला काचबिंदू आहे. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. तरी नाशिकरोडला सकाळी भाजी तीच आणते, पैसेही तीच देते. तिच्या बटव्यात नोटांच्या घड्या ठरलेल्या असतात. दहाची सरळ, घडी नाही. वीसची मधोमध एकदा दुमडलेली. पन्नासची लांबीत दुमडून पट्टी केलेली. शंभरची चौघडी. दोनशे आणि पाचशे बटव्यात नाहीतच, त्या कपाटात वेगळ्या डब्यांत. घरात नोट आली की कोणीतरी ती तिला सांगायची, मग ती घडी घालणार. बाजारात परत मिळालेली सुट्टी नोट मात्र तिला कोणी सांगत नाही. ती मुठीत धरून घरी आणते आणि विचारते, "ही कितीची गं?"

मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं ॲप आहे. २०२० च्या जानेवारीत आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की रक्कम बोलून दाखवतं. मी ते आजीच्या फोनवर टाकून दिलं होतं. घरी तिने कौतुकाने वापरलं. पण भाजीवालीसमोर, एका हातात पिशवी आणि मागे चार माणसं खोळंबलेली असताना, फोन काढून नोट सरळ धरणं तिला जमत नाही. तिच्याकडे चार बोटं आणि अंगठा तयार असतात. त्यांना कळेल असं काहीतरी नोटेवर हवं.

आणि ते होतंही! ही गोष्ट मला आज ग्रंथालयात जुन्या आणि नव्या नोटांची मापं शेजारी मांडताना उमगली. आधीच्या मालिकेतल्या वीसच्या नोटेवर, मागे माड आणि समुद्र असलेल्या त्या लालसर नोटेवर, डाव्या बाजूला बोटाला लागणारा उभा आयत होता. पन्नासवर चौकोन, शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. दहावर काही नव्हतं. नव्या मालिकेत ही उठावाची खूण शंभर आणि त्यावरच्या नोटांपुरती राहिली. २०१९ च्या हिरवट पिवळ्या वीसवर ती नाही. म्हणजे भाजी, रिक्षा, देवळातली पेटी, जिथे नोट दिवसातून दहा वेळा हात बदलते, नेमकी तीच नोट बोटांसाठी कोरी आहे. याचं मला वाईट वाटतं आणि ते मी प्रकल्पाच्या टिपणात स्पष्ट लिहिणार आहे.

मापाने तरी ओळखावी म्हटलं तर दहाची १२३ मिलिमीटर लांब, वीसची १२९. रुंदी दोन्हींची ६३च. फरक सहा मिलिमीटरचा, तोही दोन्ही हातात असतील तर कळणार. दोनशे आणि पाचशेमध्ये तर चारच.

सरांना एवढं सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आकार खरा ठेव. पण रंग आणि चित्र खऱ्या नोटेच्या जवळपास फिरकता कामा नये."

गुरुवार

आज दिवसभर नोटा बघितल्या. भिंगाखाली.

वीसच्या मागच्या बाजूला वेरूळ आहे. इतकी वर्षं हाताळूनही मी कधी थांबून बघितलं नव्हतं. कैलास लेणं डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलंय. एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही, म्हणून कोरणाऱ्याला पुढचं सगळं आधीच दिसावं लागतं. तांब्याच्या प्लेटवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्याच्याच शेजारी भाषांची पट्टी आहे. पंधरा भाषा, आसामीपासून उर्दूपर्यंत, इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने. मराठी आठवी. वर सात, खाली सात. 'वीस रुपये' ही आपली ओळ तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीची असेल नसेल. माझ्या नोटेवर ही ओळ मोठी करायची असं ठरवलं.

संध्याकाळी हॉलंडच्या जुन्या चलनाच्या, गिल्डरच्या नोटांचं पुस्तक चाळलं. डिझायनर ऑक्सेनार यांनी केलेली १९८२ ची पन्नासची नोट सूर्यफुलाची आहे, अख्खी पिवळी, माणूस नाहीच. बघून धीर आला. त्यांनीच १९७२ च्या हजारच्या नोटेवर तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या केसांत स्वतःच्या बोटाचा ठसा रेषांमध्ये मिसळून टाकला होता. देशभर लोकांच्या खिशात त्यांच्या बोटाचा ठसा! मला तो विचार फार आवडला. पण मला माझं बोट नाही घालायचं, दुसऱ्याचं बोट काय वाचतं ते बघायचंय.

शनिवार, नाशिकरोड

काल पंचवटी एक्स्प्रेसने आले. आजोबा नोट प्रेसमध्ये होते. इथे नुसतं 'प्रेस' म्हटलं की पुरतं. आत काय चालतं याबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नाही. एक सवय तेवढी होती, नवी नोट हातात आली की अंगठा हळूच फिरवून बघायचे, डोळे दुसरीकडे. लहानपणी मला वाटायचं ते नोट मोजतायत. आता कळतं, ते शाईची उंची बघत असणार. कोरलेल्या प्लेटच्या खोबणीत शाई बसते, दाबाखाली कागद त्या खोबणीत शिरतो आणि शाई उचलून वर येतो. म्हणून शंभरच्या नोटेवरचा अशोकस्तंभ हाताला लागतो. माझ्या वर्गातल्या प्रेसवरही हेच होतं, फक्त चाक मी हाताने फिरवते.

आजी सकाळी ओट्यापाशी गहू निवडत बसली होती. डोळ्यांनी नाही, बोटांनी. ताटात गहू पसरून चार बोटं हलकेच पुढे सरकवते, खडा लागला की थांबते. मी शेजारी बसून तिला विचारलं, नोटेवर तुला कळेल अशी खूण कशी असावी? त्रिकोण, चौकोन करून बघूया का? जाड पुठ्ठ्यातून कापून नेले होते. तिने हातात घेतले, फिरवले.

"हा कोन आहे का गोल, ते बघायला मला सगळीकडून फिरावं लागतं. तेवढा वेळ असतो का भाजीवालीकडं?"

मग तिने ताटातून दोन गहू उचलले आणि माझ्या तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. "हे बघ. दोन हाय. फिरावं लागत नाही, नुसतं वरून गेलं की दोन." मी ते अगदी जवळ सरकवले तर म्हणाली, आता एकच लागतंय. थोडे लांब केले तर म्हणाली, आता दुसरा शोधावा लागतोय. मग तिने स्वतः बोटाने सरकवून जागा केली. मध्ये अजून एक गहू आडवा ठेवला तर बरोब्बर बसेल एवढी. "दोन गहू आणि मध्ये एका गव्हाची जागा," ती म्हणाली, जणू पाककृती सांगतेय.

मी तिथेच पट्टी काढून मापं घेतली. म्हणजे वीसला दोन गहू. दहाला एक.

मंगळवार

प्लेट घासायला दोन तास गेले. कडांना कानस, मग पॉलिश पेपर, मग ग्राउंड, म्हणजे फेरिकपासून तांबं वाचवणारा लेप. प्लेटवर सगळं उलटं काढायचं. 'वीस रुपये' आरशातल्यासारखं. इथे घोटाळा केला. दीर्घ वेलांटी उलटी केली की तिचा काना डावीकडे येतो आणि ती अगदी ऱ्हस्व दिसते. रात्री दहाला थकलेल्या डोळ्यांना ती चूक वाटली आणि मी ती 'दुरुस्त' केली. आज पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढला तर ठळक अक्षरात 'विस'. मराठीची ओळ मोठी करायला निघाले होते. रडू आलं. खरवडण्याने ती जागा घासून, बर्निशरने गुळगुळीत करून, पुन्हा ग्राउंड लावून वेलांटी नव्याने काढली. नीट बघितलं तर तिथे अजून धुरकट डाग येतो.

शुक्रवार

गव्हाचे दाणे नडतायत.

दाणा उठावदार हवा म्हणून तेवढी जागा उघडी ठेवून अडीच तास फेरिकमध्ये खाऊ दिली. खोल झाली, पण रुंद आणि खोल खड्ड्यात शाई टिकत नाही, मलमलने पुसताना निघून जाते. छापात दाणे पांढरेच आले, नुसता कागद फुगलेला. दिसायला इतके सुंदर, की सगळे बघायला आले. मी पण हरखले. मग आजीची घडी आठवली. तो छाप वाळल्यावर मधोमध दुमडला, उघडला, पुन्हा दुमडला, असं पन्नास वेळा. रात्री उशाखाली ठेवला. सकाळी दाण्यांवरून बोट फिरवलं, तर जवळपास सपाट. नुसता फुगवलेला कागद दबतो.

सरांना दाखवलं. त्यांनी दाण्याच्या जागी आडव्या रेषा काढून दिल्या, सुट्या सुट्या, मध्ये धातूची भिंत राहील अशा. माझ्या रेषा आधी फार जवळ होत्या, भिंती ढासळून पुन्हा खड्डाच झाला. तिसऱ्यांदा रेषांची संख्या कमी केली. एका दाण्यात सातच. थोडं खाऊ दिल्यावर उरलेली खोली ब्युरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार हत्याराने, हाताने दिली. ब्युरिन तांब्यातून जाताना समोर बारीक केसासारखी तार निघते, ती फुंकरीने उडवायची. सातवी रेष संपेपर्यंत तळहाताला घट्टा पडला होता.

आता रेषांत शाई राहते. कागद कापसाचा घेतलाय, खऱ्या नोटेचा कागदही संपूर्ण कापसाचाच असतो. पन्नास घड्या घातल्या. दाणे लागतात. पहिल्या छापाइतके देखणे नाहीत, पण लागतात.

रविवार, नाशिकरोड

काल दुपारी काढलेला प्रूफ घेऊन आले. गर्द जांभळा रंग, मध्ये मोठ्या अक्षरात वीस रुपये, खाली नमुना, बाकी जागा मोकळी. डाव्या टोकाला दोन गहू. पाठीमागे काही नाही.

आजीच्या हातात दिला आणि काही सांगितलं नाही. तिने उजव्या टोकाला धरला. अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला.

"काय नाय गं यात."

माझ्या पोटात गोळा आला. मग तिने तो सवयीने उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी. पुन्हा उलटला, टोकं फिरवली, आणि अंगठा डावीकडे गेला.

"आं. दोन." थोडं थांबून म्हणाली, "दोन हाय बरोबर. पण मी कुठून धरंन हे तुला कसं कळणार? मला तर सुलटी कुठली तेच म्हायती नाही."

इतके दिवस मी नोट टेबलावर सरळ ठेवून बघत होते. डावं टोक माझ्यासाठी डावं होतं. तिच्यासाठी चार टोकं सारखी आहेत, आणि दोन बाजू.

शाई अजून पुरती वाळली नव्हती. आजीच्या अंगठ्याला जांभळं लागलं आणि तिथून पुन्हा कागदावर. उजव्या टोकापाशी, जिथे तिने पहिल्यांदा धरलं होतं, तिथे अर्धा ठसा उठलाय. तिचा हात साबणाने धुऊन दिला आणि मग पट्टी घेऊन बसले. ठशाचा मध्य कडेपासून १४ मिलिमीटरवर आहे, खालच्या कडेपासून ३० वर. आईला आणि शेजारच्या काकूंना डोळे मिटून कोरा कागद धरायला लावला. आईचा १६, काकूंचा १३.

डावीकडचे माझे गहू कडेपासून २२ वर आहेत. ते तिथे छान दिसतात म्हणून ठेवले होते. ते बाहेर सरकवायला हवेत, आणि उजवीकडे दुसरी जोडी हवी. म्हणजे डावी जागा घासायची, दोन्ही टोकांना ग्राउंड लावायचं, चार दाणे, अठ्ठावीस रेषा. मागच्या बाजूचं काय करायचं ते सरांना विचारलं पाहिजे, कारण छपाई एकाच बाजूला करायची अट आहे.

आजीने निघताना डब्यात लाडू दिले आणि वर मूठभर गहू एका पुडीत बांधून दिले. माप चुकू नये म्हणून.