छप्पर हरवलेली मंदिरे

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही माल्टा बेटाच्या उत्तर टोकावरच्या चिर्केव्वा धक्क्यावरून फेरीबोटीत बसलो आणि 25 मिनिटांत शेजारच्या गोझो बेटावर उतरलो. शारा गावाच्या कडेला, टेकडीच्या उतारावर जगांतियाची दोन मंदिरे एकाच बाहेरच्या भिंतीच्या कवेत शेजारी शेजारी उभी आहेत. त्यांतले दक्षिणेकडचे इ.स.पू. 3600च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडपेक्षा सुमारे एक हजार वर्षांनी जुने आहे. हा आकडा मला आधीपासून ठाऊक होता. तरीही भिंतीतल्या सर्वांत मोठ्या, 50 टनांहून अधिक वजनाच्या शिळांखाली उभे राहिल्यावर तो नव्याने अंगावर आला. बांधणाऱ्यांकडे तांबेही नव्हते आणि लोखंडही नव्हते.

माल्टीज भाषेत ‘जगांत’ म्हणजे राक्षस किंवा महाकाय माणूस. सान्सुना नावाच्या राक्षसीने या शिळा डोक्यावरून वाहून आणल्या आणि तेवढ्या श्रमांसाठी तिला वालासारख्या बाकला शेंगा पुरल्या, अशी कथा गोझोत सांगतात. आपल्याकडे नाशिकची बौद्ध लेणी लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ झाली, त्यामागचे कुतूहल मला हेच वाटते.

आत शिरल्यावर मात्र माझी नजर सारखी वर जात राहिली. दोन्ही बाजूंना अर्धगोल दालने, मध्ये वाट, पुढे पुन्हा तशीच दालने, आणि डोक्यावर नुसते आकाश. काही ठिकाणी भिंतींच्या वरच्या थरांतले दगड खालच्या थरांपेक्षा किंचित आत झुकलेले दिसतात. मग हे छप्पर दगडाचेच होते, की वरच्या भागात लाकूड आणि माती होती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. या मंदिरांतला राडारोडा 1827 साली उपसला गेला, पण त्याची नीट नोंद ठेवली गेली नाही. कोणता दगड कुठे पडला होता, एवढे जरी कोणी त्या वेळी लिहून ठेवले असते, तरी छपराच्या प्रश्नाला आज किती आधार मिळाला असता, ही हळहळ मला दिवसभर पुरली.

दुसऱ्या दिवशी माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर हाजर ईम आणि तिथून उतारावर अर्ध्या किलोमीटरवर असलेले इम्नायद्रा ही मंदिरस्थळे पाहिली. दोन्हींवर 2009 साली पांढरे तंबू उभारले आहेत. फोटोत ते खटकतात, पण ऊन, पाऊस आणि खारा वारा यांनी झिजणारा मऊ चुनखडक पाहिल्यावर माझी तक्रार उरली नाही. इम्नायद्राच्या खालच्या मंदिराचे दार पूर्वेला आहे आणि विषुवदिनी उगवत्या सूर्याची किरणे दारातून थेट आतल्या टोकापर्यंत पोहोचतात. आम्हाला तो दिवस चार-पाच दिवसांनी चुकला. मला अधिक वेळ थांबवले ते एका दारालगतच्या दोन भोकांनी. दगडाच्या पृष्ठभागावर ती वेगळी दिसतात, पण वाकून पाहिले की दोन्ही तिरपी आत जाऊन एकमेकांना मिळालेली आढळतात, म्हणजे त्यांतून दावे ओवता येईल. बहुधा दार किंवा पडदा बांधण्यासाठी ती असावीत. गारगोटीच्या हत्यारांनी दोन्हीकडून कोरत नेमके आतल्या आत गाठणाऱ्या त्या हातांचे मला फार कौतुक वाटले.

तारशीन इथल्या मंदिरांतले नक्षीकाम सुंदर आहे, पण तिथे मी फार रेंगाळलो नाही, कारण मनात पुढचा टप्पा होता. हाल साफ्लिएनीचे भुयारी दफनस्थळ 1902 साली नव्या घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना सापडले. तिथे सुमारे 7,000 माणसे पुरली गेली असावीत, असा पुरातत्त्वज्ञ थेमिस्टोक्लिस झम्मित यांचा अंदाज होता. आतली हवा बिघडू नये म्हणून एका वेळी फक्त दहा जणांना प्रवेश मिळतो आणि दिवसाला अशा आठच फेऱ्या होतात. आम्ही काही महिने आधी तिकिटे काढली होती. कॅमेरा आत नेता येत नाही, आणि ते बरेच आहे.

अरुंद जिन्यांनी उतरताना एका दालनाच्या छतावर गेरूने रंगवलेली लाल वेटोळी दिसली. मग मधल्या मजल्यावर दिवे हळूहळू उजळले आणि समोर एका मंदिराचा दर्शनी भागच उभा राहिला: दोन खांब, वर आडवी शिळा, आत कोनाडे. यातला एकही दगड रचलेला नाही; सगळे एकाच खडकात कोरलेले आहे. खडकाला आधाराची गरज नसतानाही त्यांनी खांब कोरले, कारण मृतांसाठी त्यांना जमिनीवरच्यासारखेच घर हवे होते, असे मला तिथे मनोमन वाटले.

आणि वर छत होते. एकाहून एक आत सरकत गेलेली दगडी कडी, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडी लहान, जशी थरावर थर रचून घुमट मिटवत न्यावा तशी. जमिनीवरची मंदिरे ज्यांनी रोज पाहिली होती, त्यांनीच ही कोरली. मान दुखेपर्यंत मी त्या कड्यांकडे पाहत राहिलो आणि मनातल्या मनात ती एकेक करून जगांतियाच्या झुकलेल्या भिंतींवर ठेवत गेलो. शेवटचे कडे बसायच्या आतच दिवे मंदावले, आणि वाट दाखवणाऱ्या बाईंनी आम्हाला पुढे चलण्याची खूण केली.