शाळेतून फुगा सोडता येईल का?

"आमच्या शाळेतून असा फुगा सोडता येईल का, आणि खर्च किती?" आम्ही सोडतो त्या हवामानाच्या फुग्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत कुठल्या कुठे पोचतात आणि महिन्याभरात साताऱ्याहून नाहीतर अकोल्याहून कुणा विज्ञानशिक्षकांचा हा निरोप येतोच. दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा, तुम्ही विचारलंत म्हणून, एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझा यात संबंध काय ते. मी अमेरिकेत, आयोवा राज्यात राहते. हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेखातर बिनतारी संदेश पाठवण्याचा, परवाना आहे, म्हणून लेकीच्या शाळेने हवामानाचा फुगा सोडायचं ठरवलं तेव्हा डब्याचा माग काढायला मला बोलावलं. लेक कधीच ती शाळा सोडून कॉलेजात गेली, मी अजून तिथेच अडकले आहे.

तर उत्तर असं: येईल. पण पहिल्या वर्षी सोडू नका.

आम्ही वापरतो तो लेटेक्सचा फुगा रिकामा असतानाच १२०० ग्रॅमचा असतो. त्याखाली दोरीला पॅराशूट, पॅराशूटखाली थर्माकोलचा डबा. डब्यात तापमान, दाब आणि आर्द्रता मोजणारे सेन्सर, एक कॅमेरा, जीपीएस आणि थोड्याथोड्या वेळाने आपला ठावठिकाणा कळवणारा चिमुकला रेडिओ. सेकंदाला साधारण ५ मीटर या वेगाने फुगा चढतो. ३० किलोमीटर गाठायला शंभर मिनिटं लागतात. तिथे तो फुटतो आणि डबा अर्ध्यापाऊण तासात जमिनीवर येतो. सुरुवातीला हवा इतकी विरळ असते की पॅराशूट नावालाच असतं, खाली दाट हवेत आल्यावर ते आपलं काम करू लागतं.

फुगा भरणं हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग, आणि माझाही. मैदानावर ताडपत्री अंथरायची, सगळ्यांनी सुती हातमोजे घालायचे, कारण हाताचा तेलकटपणा किंवा एखादं नख त्या पातळ रबराला पुरतं. हेलियम किती घालायचा हे अंदाजाने ठरवायचं नाही. फुग्याच्या तोंडाशी ताणकाटा अडकवायचा आणि आकड्यावर नजर ठेवून एकाने सिलिंडरची चावी धरायची. एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो उचलतो. फुगा सव्वा किलो, खालचं सामान पावणेदोन, वर चढायला एक किलोचा जादा जोर, म्हणजे चारेक घनमीटर. गोलाच्या घनफळाचं सूत्र लावलं की व्यास निघतो २ मीटर. मग फळ्यावर पुढचं गणित. ३० किलोमीटरवर हवेची घनता जमिनीपाशी असते त्याच्या साधारण सत्तराव्या हिश्शाइतकी. म्हणजे फुग्याचं आकारमान सत्तरपट, आणि व्यास? ४ चा घन ६४, म्हणून चौपटीहून थोडा जास्त, ८ मीटर. हा फुगा साडेआठ मीटरच्या आसपास फुटतो असं बनवणाऱ्याच्या तक्त्यातच लिहिलेलं असतं. घनमुळाचा उपयोग काय, असं गणिताच्या तासाला विचारणारी मुलं इथे गप्प होतात.

सामानाच्या काही खोडी सांगून ठेवते. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या वरच्या थंडीत मान टाकतात, लिथियमच्या घ्याव्या लागतात. दर वर्षी कुणीतरी सुचवतं की थंडीत हात शेकायच्या पुड्या मिळतात त्या डब्यात ठेवू. त्या पुड्यांतलं लोखंड ऑक्सिजन घेऊन गंजतं तेव्हा ऊब मिळते. वर ऑक्सिजनच इतका कमी की पुडी थंड पडते. मी हे आधी सांगत नाही, निर्वात बरणीत एक पुडी ठेवून त्यांनाच पाहायला लावते. आणि जीपीएस: बाजारातली बरीच मॉड्यूल १८ किलोमीटरच्या वर गप्प बसतात. ती कुणी क्षेपणास्त्रात बसवू नयेत म्हणून घातलेली ही जुनी मर्यादा. काही मॉड्यूलना विमान उड्डाणाच्या पद्धतीवर टाकलं की ती ५० किलोमीटरपर्यंत चालतात, पण ते टाकायला आठवणीने सांगावं लागतं.

पाठलाग आयोवात सोपा. इथे जमीन सपाट आणि बहुतेक भागात मैला-मैलावर सरळ काटकोनात रस्ते, त्यामुळे डबा कुठेही पडला तरी गाडी जवळपास पोचते. मात्र ऑगस्टात मका पुरुषभर उंचीच्या वर गेलेला असतो आणि त्यात पडलेला पांढरा डबा दहा पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून आम्ही कापणीनंतरचा ऑक्टोबर धरतो. शेतकऱ्याचं दार वाजवून परवानगी मागायची, मगच शेतात पाऊल, हा नियम मुलांनी पाळायचाच. एका आजोबांनी डबा उघडल्यावर कॅमेऱ्यातलं आपलं शेत वरून दाखवा म्हणून आम्हाला थांबवून घेतलं होतं. ते काही ओळखू येईना, पण कॉफी मिळाली.

त्या फोटोंबद्दलही एक सांगायला हवं. काळं आकाश खरं असतं. पृथ्वीची ठसठशीत गोलाई मात्र बरीचशी त्या रुंद कोनाच्या भिंगाची करामत. ३० किलोमीटरवरून क्षितिज किंचितच वाकलेलं दिसतं. आणि फुगा अंतराळात जात नाही. अंतराळाची सीमा रूढ अर्थाने १०० किलोमीटरवर धरतात, आपण तिच्या एक तृतीयांशही जात नाही. हे ऐकून मुलं हिरमुसतात. मग मी सांगते की हवेचा जवळजवळ ९९ टक्के भार तुमच्या डब्याच्या खाली राहिला होता. तेवढ्याने समाधान होतं.

आता मुद्द्याचं. हा सगळा थाट एका सकाळचा. विज्ञान सुरू होतं ते नंतर, डब्यातल्या कार्डावरचे आकडे आलेखावर उतरवताना. तापमान दर किलोमीटरला सहा-साडेसहा अंशांनी उतरत जातं, हे पुस्तकात असतंच. आमच्याकडे ११-१२ किलोमीटरपर्यंत ते उणे ५५ च्या आसपास येतं. मग थांबतं. आणि मग वाढायला लागतं! आठवीतलं मूल इथे हमखास म्हणतं, सेन्सर बिघडला. उन्हाने तापला असेल, असंही कुणी म्हणतं.

नेमकी हीच शंका फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ लेऑं तेसराँ द बोर यांना आली होती. पॅरिसजवळच्या त्राप इथून त्यांनी २०० हून अधिक फुगे सोडले, आणि उन्हाचा दोष काढून टाकायला त्यांतले कित्येक रात्री सोडले. तरीही वर तापमान उतरायचं थांबतंच आहे, हे पक्कं झाल्यावर त्यांनी १९०२ मध्ये ते जाहीर केलं. बर्लिनला रिशार्ड आसमान यांनी रबरी फुग्यांनी त्याच सुमारास तेच दाखवलं. स्थितांबराचा, म्हणजे हवेच्या या वरच्या थराचा, शोध तो हाच. ओझोन अतिनील किरण शोषतो म्हणून तिथे वर ऊब वाढते, हे कारण नंतर कळलं. ही गोष्ट मी आलेख काढायच्या आधी कधीच सांगत नाही. आधी मुलांनी सेन्सरला शिव्या घालाव्यात.

आणि इथेच पहिल्या वर्षी फुगा सोडू नका असं का म्हटलं ते येतं. अमेरिकेत एक डबा ६ पौंडांच्या आत, सगळं सामान १२ पौंडांच्या आत आणि दोरी जोराच्या धक्क्याने तुटेल अशी असली, तर अशा फुग्याला विमानवाहतूक खात्याच्या बहुतेक अटी लागू होत नाहीत. आम्ही आधी कळवतो तेवढंच. भारतात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय हे करता येत नाही, आणि करूही नये. पुण्याचा लोहगाव विमानतळ तर हवाई दलाचाच. शिवाय हेलियम जवळजवळ सगळा आयात होतो, त्यामुळे महाग. हायड्रोजन स्वस्त, पण तो पेट घेतो; हवामान खातं तो वापरतं ते प्रशिक्षित माणसांच्या हातून. शाळेने त्या वाटेला जाऊ नये. इथे आमच्या शाळेला पहिल्या फुग्याचा खर्च हजार डॉलरच्या घरात गेला. तुमच्याकडे त्याच वस्तू मागवायला त्याहून कमी लागणार नाही.

पण तुमच्या डोक्यावरून फुगा रोज जातो, तोही सरकारी खर्चाने. मुंबईला सांताक्रूझहून, नागपूरहून, पणजीहून भारतीय हवामान खातं पहाटे आणि संध्याकाळी फुगे सोडतं. जगभरची केंद्रं एकाच वेळेच्या निरीक्षणासाठी सोडतात, ग्रीनिचच्या ० आणि १२ वाजताच्या, म्हणजे आपल्या साडेपाचच्या. त्यांचे आकडे वायोमिंग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसतात. मुंबईचा केंद्रक्रमांक ४३००३, नागपूरचा ४२८६७. दाब, उंची, तापमान, दवबिंदू, वाऱ्याची दिशा आणि वेग, सगळं ओळीने मांडलेलं. गावाकडे शेतात संशयास्पद यंत्र सापडल्याची बातमी अधूनमधून येते ना, दोरीला लटकलेला पांढरा डबा, पोलीस आले वगैरे? बहुतेकदा ते यातलंच एक असतं.

तेव्हा पहिल्या वर्षी आलेखकागद आणा. अर्ध्या वर्गाला मुंबईचा जानेवारीतला एक दिवस द्या, अर्ध्याला जुलैतला. तापमानाच्या आलेखात त्यांना दिसेल की मुंबईवर हवा थेट १६-१७ किलोमीटरपर्यंत थंडच होत जाते आणि उणे ८० च्या आसपास पोचते. आमच्याकडे जानेवारीत अंगणात गुडघाभर बर्फ असतं, तरी वरची थंडी सहसा इतकी उतरत नाही. घामाघूम मुंबईच्या डोक्यावर आयोवापेक्षा गार हवा कशी? जमिनीपाशी तापलेली दमट हवा तिकडे फार उंच चढते, म्हणून ती घसरण वरपर्यंत चालू राहते. या एका प्रश्नावर दोन तास सहज जातात.

वाऱ्याचा रकाना त्याहून गमतीचा. दिशा म्हणजे वारा जिकडून येतो ती, हे आधी बजावा. २७० म्हणजे पश्चिमेकडून. जानेवारीत फुगा वर गेला की पश्चिमी वाऱ्याबरोबर पूर्वेकडे वाहत जातो. जुलैत तो आधी मोसमी वाऱ्याबरोबर घाटाकडे निघतो आणि पाच-सहा किलोमीटरच्या वर गेला की उलटा फिरून समुद्राकडे यायला लागतो. तिथे वर पूर्वेकडून वाहणारा झोत असतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात तो ओळखला, भारतावरच्या अशाच फुग्यांच्या आकड्यांतून. मुलांना प्रत्येक थरात फुगा किती मिनिटं असेल ते काढून नकाशावर त्याची वाट आखायला सांगा. आमचा डबा कुठे पडणार हे सांगणारे संगणकी कार्यक्रम हेच करतात, फक्त ते हवामानाच्या अंदाजातले वारे घेतात.

मोठे फुगे पाहायचे तर हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगा केंद्र आहे. जयंत नारळीकरांनी वरच्या हवेतले सूक्ष्मजीव शोधायला २००१ आणि २००५ मध्ये तिथूनच फुगे सोडले होते, २० ते ४१ किलोमीटरवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरून आणायला. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जिवाणूंच्या ज्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यांच्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा वाटा होता. मुलांना नारळीकर माहीत असतात, हे माहीत नसतं.

आणि ७ फेब्रुवारी २०२१ ला रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले उपकरणांचे १०० छोटे संच फुग्यांनी सोडले गेले, त्यात महाराष्ट्रातली मुलंही होती. वर्तमानपत्रांनी त्यांना उपग्रह म्हटलं. मला ते पटत नाही, कारण त्यांनी पृथ्वीभोवती फेरी मारली नाही. पण परवानग्या, हेलियम आणि माग काढणं एका मोठ्या संस्थेने पाहायचं आणि शाळांनी फक्त आपला संच बनवायचा, ही रचना आपल्याकडच्या परिस्थितीत मला शहाणपणाची वाटते. असं काही पुन्हा निघालं तर मुलं तयार असायला हवीत. तोवर एखाद्या शिक्षकाने हॅम रेडिओची परीक्षा देऊन टाकावी. भारतात ती बाराव्या वर्षापासून देता येते, त्यामुळे वर्गातली दोनतीन मुलंही बरोबर बसवा. ती बहुधा सरांच्या आधी पास होतील.